तळहाताएवढा फुगवटा

या मित्रांनो, धक्क्यावर असे जवळ सरकून बसा. पाय पाण्यात सोडलेत तरी चालतील. तुम्हाला माझी कथा सांगते. चित्त मात्र इकडे असू द्या, कारण कथेतला मोठा माणूस मी नाही, दुसराच आहे.

मी एक जुनी, दोन पोटांची, म्हणजे दोन अरुंद बोटी शेजारी जोडाव्यात तशी बोट आहे. नऊ मीटर लांब, ॲल्युमिनियमची. माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, हुऑन नदीच्या काठावरच्या एका शेडमध्ये झाला. समोरच्या गॅनेट बेटावर दवाखाना होता, पण ग्वेंडा नावाची नर्स तिथे रोज जाणार कशी? हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जूनपासून, नैऋत्येचा वारा सुटला, की जुनी लाकडी बोट लाटांवर चढायची आणि आपटायची. चार-चार दिवस फेरी बंद राहायची. शेवटी बेटाच्या समितीने ठरवले, की जूनपर्यंत चांगली बोट मिळाली तर ठीक, नाहीतर दवाखान्याला कुलूप.

माझे चित्र, म्हणजे बांधणीचा आराखडा, मार्नी नावाच्या तरुण मुलीने काढला. तिचे म्हणणे असे, की लाटेवर चढायचेच कशाला? माझ्या दोन पोटांची टोके तिने सुरीसारखी बारीक आणि बुटकी ठेवली. ती लाटेच्या आत शिरणार, लाट चिरत जाणार, आणि माणसे बसतात तो वरचा पाटा कोरडा राहणार. वजनाबाबत तर ती भारीच कडक. माझ्यात जाणारी प्रत्येक वस्तू तिने काट्यावर घातली, ग्वेंडाचा चहाचा थर्मासही.

"आता मलाही काट्यावर उभी करणार का गं?" ग्वेंडाने विचारले.

"तुम्हाला अंदाजाने धरलंय," मार्नी म्हणाली. "चांगल्या मनाने धरलंय."

मला घडवले तिच्या काकांनी, क्लॅरी ब्रॅमिच यांनी. वय एकाहत्तर. उभा जन्म लाकडी बोटी बांधण्यात गेलेला. पत्रा जोडायला ते उतारवयात शिकले. काम करताना चर्चमधली स्तोत्रे गायचे, आणि सूर असा लागायचा की माझा पत्रासुद्धा गुणगुणायचा. देवाचे नाव कानावर पडत पडत माझे अंग घडले, हे माझे भाग्य.

पण टोकांचे काम आले आणि काकांचे गाणे थांबले. ते चित्राकडे बघत, मान हलवत. "असल्या टोकाने माणसं बुडतील," असे स्वतःशीच पुटपुटत. आठवडाभरात त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बाजूने, तळहाताएवढा फुगवटा दिला, म्हणजे टोके लाटेखाली न जाता वर तरंगतील. त्यांच्या मनात पाप नव्हते हो, होती ती फक्त काळजी. आणि त्या शेडमध्ये क्लॅरीकाकांच्या कामाला टेप लावून बघायची पद्धतच नव्हती. मार्नीनेही लावला नाही.

मे महिन्यात मला पाण्यात उतरवले. समितीची माणसे धक्क्यावर उभी. खाडीच्या तोंडाशी पहिली मोठी लाट आली आणि मी तिच्यात शिरण्याऐवजी वर उडाले आणि धाडकन आपटले. पुन्हा उडाले, पुन्हा आपटले. माझ्यात बसलेली ग्वेंडा धक्क्यावर उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मार्नी, तुझी बोट आहे की बकरी?" ती एवढेच म्हणाली.

समितीने शनिवारपर्यंत मुदत दिली. मार्नी शेडमध्ये चित्र पसरून बसली. दोन दिवस तिने सगळे आकडे पुन्हा मांडले. चूक सापडेना. मग तिने चित्राची गुंडाळी केली.

"काका, माझंच चुकलंय. मी समितीला नाही म्हणून सांगते. मला हे जमत नाही."

मित्रांनो, काका गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळले नसते. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"पोरी, बस जरा. चित्र बरोबर आहे. टोकं मी फुगवली."

"का?"

"भीती वाटली मला. तू आत बसशील म्हणून."

मार्नीने गुंडाळलेले चित्र पुन्हा उलगडले. मग म्हणाली, "काका, मला सांगायचं होतंत. भांडले असते मी."

"म्हणून तर नाही सांगितलं. भांडणात तूच जिंकतेस."

तिला हसू आवरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी करवत घेतली आणि स्वतःचेच काम स्वतःच्या हाताने कापले, रेघेबरहुकूम. पत्रा पुन्हा जोडताना पहिली ठिणगी उडाली आणि शेडमध्ये पुन्हा स्तोत्र घुमू लागले.

शनिवारी वारा चांगलाच होता. काका म्हणाले, "आज मीही बसतो. माझं वजन धर." लाट आली. मी सुईसारखी आत शिरले आणि पलीकडे निघाले. काकांनी घट्ट मिटलेले डोळे हळूच उघडले. ग्वेंडाच्या कपातला चहा होता तिथेच होता.

बावीस हिवाळे मी नर्स नेली, औषधे नेली, तीन बाळंतिणी नेल्या. आता नवी बोट आली आहे आणि मी इथे बांधलेली असते. मधूनमधून माझ्या अंगावरचे मीठ गोड्या पाण्याने धुवा, एवढी माझी काळजी पुरे.

मात्र धुताना पुढच्या टोकापाशी हात थांबवा. कापून पुन्हा जोडल्याची शिवण तिथे बोटांना लागेल. ती लागली, की क्लॅरीकाकांची आठवण काढा. गाता येत असेल, तर एक ओळ गा.