डावा-उजवा नसलेला पक्षी

बोलतेय ती मी, संग्रहालयात काचेच्या पेटीत पालथी पडलेली वाळूच्या दगडाची लादी. पालथी म्हणजे तुमच्या मते पालथी. माझं पोट कुठलं नि पाठ कुठली, हे मला कुणी विचारलं नाही. माणसांना विचारायची सवय कमी, सांगायची हौस फार.

माझा जन्म उथळ पाण्यातला. तळाशी मऊ चिखल होता आणि त्या चिखलात एक किडा चरत असे. डोळे नाहीत, पाय नाहीत, पण वागणं शहाण्याचं. चिखल खात पुढे जायचं, वळायचं, आधीच्या वाटेला लागूनच नवी वाट धरायची. एकदा खाल्लेल्या जागी पुन्हा तोंड घालायचं नाही. मधे शिंपल्याचा तुकडा आला तर डोकं आपटत बसायचं नाही, सरळ वळसा घालायचा. त्याच्यामागे चिखलात बारीक चर पडत गेला. मग पूर आला, वाळू घेऊन आला. ती वाळू म्हणजे मी. मी त्या चरात उतरले, बसले, आणि किती युगांनी कोण जाणे, दगड झाले. खालचा चिखल गळून गेला. किडा तर कधीचाच गेला होता. त्याची वाट तेवढी माझ्या पोटावर राहिली, दोरी चिकटवावी तशी उठून.

पाठीवर मात्र तसलं काही नव्हतं. पूर ओसरला, वर गाळाची साय धरली, उन्हाने ती वाळली आणि तडकली. झालं! चिखल वाळला की तडकतो, त्यात कर्तबगारी कसली? एका जागेवरून तीन भेगा फुटतात, पुढे जाऊन शेजारच्या भेगांना भिडतात, कुठे बोटभर रुंद तर कुठे केसासारख्या. त्यांना कुठे जायचं नसतं.

ज्यांनी मला खाणीतून काढलं, ती माणसं त्या मानाने बरी. त्यांना मी अंगणात घालायची लादी वाटले. खरी ब्याद आली ती पुढे. तो एक रिटायर झालेला ड्रॉइंगमास्तर. लाद्यांच्या ढिगाशी उभा राहून माझ्या पाठीकडे टक लावून बघत राहिला आणि एकदम ओरडला, "पाऊल! पक्ष्याचं पाऊल!"

घ्या. ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओलीत म्हातारी दिसते, तसा ह्याला तीन भेगांत पंजा दिसला. बरं, दिसला तर दिसला, गप्प बसावं की नाही? मला हातगाडीवर घालून घरी आणलं.

"हा धोंडा कशाला?" बायकोने दारातच अडवलं.

"धोंडा नाही, पुरावा आहे."

"कशाचा? तुम्हाला उद्योग नसल्याचा?"

पुढच्या खोलीत भिंतीवर मला बसवायचं ठरलं. पण मी सपाट बसेना, कारण पोटावरची ती वाट उठलेली. मास्तरने मला उलटी केली, हात फिरवला. त्याची बोटं थेट किड्याच्या वाटेवरून गेली, वळणावर वळली, शिंपल्याशी आली. आणि हा मनुष्य म्हणतो काय? "खालून फारच ओबडधोबड आहे." छिन्नी घेतली आणि निम्मी वाट तासून काढली. वर शीळ घालत होता! उरलेल्या निम्म्या वाटेवर सिमेंट थापलं आणि तिचं तोंड भिंतीकडे करून टाकलं.

मग पाठीची सजावट सुरू झाली. तीन-तीन भेगांचे पंजे त्याने काळ्या रंगाने उठावदार केले. पण भेगा कसल्या ऐकतात, एका पंज्यातून निघून दुसऱ्यात शिरलेल्या. पक्ष्याचे पाय असे एकमेकांना शिवलेले कसे चालतील? म्हणून मधल्या भेगांत दगडाची पूड आणि डिंक कालवून भरला, वरून हात फिरवला. लबाडी करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. लबाड माणूस तरी बरा, त्याला खरं काय ते माहीत असतं.

गल्ली त्याला पक्षीमास्तर म्हणू लागली. हा त्यावर खूश. "संग्रहालयात जाणार आहे माझा पक्षी," असं सगळ्यांना सांगून बसला. आणि संग्रहालयात दगड तपासायला होती कोण? ह्याचीच थोरली मुलगी. तिच्या सहीशिवाय तिथे खडाही आत जात नसे. म्हाताऱ्याची सगळी अब्रू आता त्या एका सहीवर.

ती आली. भिंग आणि ओला स्पंज घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, ह्यातलं डावं पाऊल कुठलं, उजवं कुठलं?"

मास्तरने दोन पंजे दाखवले. एकाचं मधलं बोट दाराकडे, दुसऱ्याचं छताकडे.

"वळला असेल," मास्तर म्हणाला.

"हवेत?" दारातून आई.

"तू चहा बघ."

"उतू जाऊ दे. हे पुन्हा बघायला मिळायचं नाही."

मुलगी हसली नाही. "पाय पडला की चिखल दबतो, बाबा. कडेला उचलला जातो. इथे कडा सपाट आहेत." तिने स्पंज फिरवला. मी भिजले तशा डिंकाच्या पट्ट्या वेगळ्या उमटल्या. तिने नख लावलं, खपली निघाली, खाली भेग. "हे काय भरलंय?"

"मधे घाण दिसत होती. साफ केलं."

"साफ केलंत की बुजवलंत?"

"गल्लीभर सांगून बसलोय मी! तुझी एक सही, त्यात तुझं काय जातं?"

"सगळंच जातं, बाबा."

"मग बापाचं नाक कापतेस तर काप!"

पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही विरघळणार. माणसं रडारडीत मिठासारखी विरघळतात आणि मग कशावरही सही करतात. पण तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मागची बाजू कशी आहे?"

"मागे काही नाही. ओबडधोबड होतं ते मी सपाट केलं."

"ओबडधोबड म्हणजे कसं?"

"दोरीसारखं काहीतरी. नागमोडी."

तिने पहार आणली. बापलेकींनी मिळून मला भिंतीवरून उतरवलं, सिमेंटचे पापुद्रे तिने खरवडून काढले. मग म्हाताऱ्याचं बोट धरून उरलेल्या वाटेवर ठेवलं, लहानपणी त्याने तिचं धरलं असेल तसं.

"बघा, जाडी सगळीकडे सारखी. स्वतःची वाट कुठे कापत नाही. इथे शिंपला आला, बाजूने गेला. ह्याला कुठेतरी जायचं होतं, बाबा. हा जिवंत होता."

म्हाताऱ्याचं बोट सरकत गेलं आणि एका जागी अडकलं. पुढे छिन्नीचे ओरखडे. त्याचेच. तो खाली बसला. ज्या जिवंत खुणेसाठी एवढा खटाटोप केला, ती हाती आली होती आणि ह्याने शीळ घालत तासली होती. बायकोने उरलासुरला चहा ओतला. तिने कप आणून नुसता त्याच्या हातात दिला.

मुलीने सही केली, पण किड्यासाठी. काळे पंजे आता पेटीच्या तळाशी तोंड खुपसून आहेत, फार उत्तम. समोरून माणसं जातात. "नुसता दगडच आहे," म्हणतात आणि पलीकडच्या भुसा भरलेल्या वाघासमोर उभी राहतात. तुम्हीही तिकडेच निघालात ना? जा. मला तुमचं काही नको. फक्त दगडाला हत्यार लावायच्या आधी एकदा उलटा करून बघा, एवढं डोकं असलं तर.

तो म्हातारा मात्र अजून येतो. कुणी सापडलं की त्याला ओढून माझ्यापाशी आणतो, काचेवर बोट टेकवून वाट दाखवतो, शिंपला दाखवतो, आणि ओरखड्यांपाशी थांबतो.

"इथून पुढे," तो सांगतो, "कुणा गाढवाने छिन्नी मारली."

एवढ्या वर्षांत त्याने बरोबर ओळखलेली ही पहिलीच गोष्ट.