लहानी की मोठी

अश्वजितनं मोबाइलवर दोन बोटी दाखवल्या आणि जनकाबाईचं काळीज लक्कन हललं.

गोव्यात बरीच वर्षं बोटी चालवून पोरगा घरी आला होता. पिंपळगाव राजा या गावाजवळच्या धरणात लोकांना फिरवायचं त्याच्या मनात होतं. लहान बोट चौघांची, सपाट बुडाची, कमरेएवढ्या पाण्यातही चालणारी. मोठी बारा जणांची, वर छत, मऊ गाद्या, गाण्यांची सोय. पण तिला खोल पाणी लागायचं.

"बोल माय, कोणती घेऊ?"

"लहानी," ती म्हणाली. "मले लहानीकडं..." आणि नवऱ्याकडे, गुलाबरावांकडे पाहून गप्प बसली.

लहानी म्हणजे तिची धाकटी पोर. थोरल्या मंजुश्रीला घरात मोठी म्हणत, म्हणून ही लहानी. नुकती चालायला लागली होती, तापानं गेली. जुन्या गावच्या टेकाडावर कडुलिंबाखाली तिला पुरली, आणि पुढे धरणानं गावासकट ते टेकाडही पोटात घेतलं. तिथं भर पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, उन्हाळ्यात नुसता गाळ. पायी जायची सोयच नाही. अश्वजित नव्या गावात जन्मला. त्याच्यासमोर तिचा विषय काढायचा नाही, असं गुलाबरावांनी बजावलेलं. म्हणे, पोराच्या मनाला लागंल! आणि बाईचं मन? ते काय दगडाचं होतं? एकदा तिथवर जावं, चार फुलं सोडावीत, एवढंच तर तिला हवं होतं.

"काऊन वं माय, तुले सारं लहानच पाहिजे?" अश्वजित हसला. "बाबा, तुम्ही सांगा."

गुलाबरावांना सगळं कळलं होतं. तिथं बसलेल्यांत त्यांनाच तेवढं कळलं होतं. बायकोकडे न बघता ते म्हणाले, "मोठी घे. गावात नाव झालं पाहिजे."

झालं! मोठी आली. नारळ फुटला, त्रिशरण झालं, सरपंच किसनराव गादीवर ऐसपैस बसले. जनकाबाईला पोरानं कौतुकानं पुढं बसवलं. तिनं पदराच्या गाठीत शेवंतीची फुलं आणली होती. आशा मेली सुटत नाही.

बोट धरणाच्या मधोमध आली तेव्हा डावीकडे लिंबाचं वाळकं खोड पाण्याबाहेर दिसलं. तिला राहवलं नाही. ती उभीच राहिली.

"बाबू, तिकडं ने. मले लहानीकडं ने रे!"

"माय, लहानीचं खूळ सोड आता!" अश्वजित इंजिनाच्या आवाजात ओरडला. "मोठी घेतली ना आपण? हे तिकडं नाई जात, गाळात फसते."

सगळे खो खो हसले. गुलाबरावही हसले.

सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण एवढ्या हसण्यात पोरीचं नाव टाकायला जीभ धजेना. बोट वळली. खोड मागं राहिलं.

काठाला लागल्यावर गुलाबराव आधी उतरले आणि त्यांनी हात पुढं केला. "सांभाळून, चिखल हाये."

"तुम्ही हसले," ती म्हणाली.

"आता? सारेच हसले की."

"त्याईले मालूम नव्हतं."

हात तसाच राहिला. जनकाबाई दुसऱ्या बाजूनं, फुलांची गाठ मुठीत धरून, गुडघाभर चिखलात उतरली.