आत घेतलेल्या शिवणी

“अपूर्वाताई, एक सांगू? रमाबाईंचं ब्लाउज खांद्यावरून उतरून राह्यलं आजकाल. जरा पाहा बरं त्यांच्याकडं.”

दिवाळीच्या फराळाचं ताट परत द्यायला आलेल्या शेजारच्या प्रतिभाबाई रमाबाईंच्या दारातच हे बोलल्या. ताट रिकामं परत करू नये म्हणून त्यांनी त्यात परसातली सीताफळं ठेवली होती. अपूर्वा म्हणाली, “शिंपी नवा आहे हो, मापं चुकवतो,” आणि तिने दार लावून घेतलं. मग सीताफळं उलटीपालटी करून पाहिली. ‘हिला काय करायच्यात नसत्या चौकशा?’ असं ती पुटपुटलीसुद्धा.

मित्रांनो, हे सगळं मी ऐकलं, कारण त्याच दाराआडच्या खुंटीवर मी टांगलेला होतो. मी एक जुना कोट आहे. डाळिंबी रंगाचा, हिमरू कापडाचा, बाईमाणसाच्या मापाचा. अपूर्वा ही माझ्या मालकिणीची, म्हणजे रमाबाईंची, नातसून. ती दर रविवारी आपल्या तान्ह्या वल्लरीला घेऊन आदिलाबादच्या या घरी येते. मालकीण इथे एकटीच राहते.

माझा जन्म सिकंदराबादला झरीनबाईंच्या शिवणघरात झाला. आज त्यांना डिझायनर म्हटलं असतं. तेव्हा लोक ‘झरीनबाईंचा हात’ एवढंच म्हणत. त्या आधी कागदावर चित्र काढत, विणकराच्या मागावर जाऊन कापड निवडत आणि शेवटी आपल्या नावाची विणलेली पट्टी गळ्याच्या आत स्वतः टाकत. मला वरून रेशीम, खालून सूत, आत गुळगुळीत अस्तर आणि पुढे शिंपल्याची बटणं मिळाली. बाजूच्या शिवणींत त्यांनी भरपूर माया सोडायला लावली. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. “बाई आज सडपातळ आहे,” त्या कारागिराला म्हणाल्या, “पुढे मुलंबाळं होतील. कोट वाढवता आला पाहिजे.” तो कधी आत घ्यावा लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

मला विकत घेतलं शरदचंद्रांनी. ते तहसिलीत पेशकार होते आणि त्यांच्या पत्नी रमाबाई याच भागातल्या मुधोळच्या शाळेत शिक्षिका म्हणून लवकरच लागणार होत्या. आपल्याकडची थंडी काय असते हे तुम्ही जाणताच. सकाळच्या प्रार्थनेला पोरी कुडकुडत उभ्या असायच्या आणि माझी बाही गालाला लावून बघायच्या. “बाई, हा राणीचा आहे का?” असं एकीने विचारलं होतं. मी तेव्हा फार फुगलो होतो. रमाबाईही भरत गेल्या. दोन बाळंतपणांनंतर शिवण उसवून माझी थोडी माया बाहेर काढली गेली आणि मी त्यांच्या अंगाबरोबर ऐसपैस झालो.

मग सुखाचे दिवस गेले. शरदचंद्र गेले, नोकरी संपली, नातवाने, म्हणजे अपूर्वाच्या नवऱ्याने, राघवेंद्रने मऊ स्वेटर आणला आणि मी डांबराच्या गोळ्यांसह पेटीत गेलो. किती हिवाळे अंधारात काढले, मोजले नाहीत. यंदा दसरा सरला तसा पेटीचा कडीकोयंडा वाजला. रमाबाईंना स्वेटरने भागत नव्हतं.

त्यांनी मला अंगात घातलं आणि मी घाबरलो. कोट अंगाला ओळखतो, मित्रांनो. मी लोंबत होतो. कापड जुनं होतं, विटतं, पण असं एकाएकी सैल पडत नाही. माझ्या आतलं माणूस कमी होत चाललं होतं.

दिवाळीनंतर लगेच रमाबाईंनी खिडकीशी बसून सुई ओवली आणि माझ्या दोन्ही बाजू आत घेतल्या. पुढे ती शिवणही सैल पडली, तेव्हा तिच्या अलीकडे आणखी एक घातली. बटणं उसवून आत सरकवली. ब्लाउजांचंही तसंच. घालून त्या आरशासमोर उभ्या राहत. बाहेरून सगळं ठीक दिसे. एवढ्यासाठीच तर सगळी धडपड होती.

काऊन लपवत होत्या, तेही सांगतो. वल्लरीच्या बारशाला एक मावशी खोकल्या, तेव्हा अपूर्वाने बाळ त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं आणि त्या मावशींच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही. रमाबाईंनी ते पाहिलं होतं. आता त्यांनाच कोरडा खोकला होता आणि अंग वाळत होतं. त्यांच्या मनात एकच आजार येई आणि त्याचं नाव त्या तोंडातून काढत नसत. वल्लरीला जवळ घेताना पदर तोंडाशी धरत, पापा कधीच घेत नसत. अपूर्वाला वाटे, आजींना पोरीचं फारसं कौतुक नाही.

आता अपूर्वाबद्दल. ती वाईट नाही, पण विश्वास तिला परवडत नाही. दुधाची पिशवी वास घेऊन फोडते, खेळण्याचा रंग नखाने खरवडते, औषधाची तारीख दुकानदारासमोर दोनदा वाचते. वल्लरी झोपली की ती फोनवर जुन्या नामांकित कपड्यांचे फोटो बघत बसे. खरं कुठलं, नक्कल कुठली, कोणत्या काळातलं, हे शिवणीवरून ओळखायचं तिला वेडच लागलं होतं. त्यातूनच हैदराबादच्या पूनमशी ओळख झाली. पूनम अशा कपड्यांचं प्रदर्शन भरवणार होती आणि झरीनबाईंच्या हातचं काही मिळतं का, ते शोधत होती.

“आजी, कोट नेते हं. पूनमला दाखवायचाय.”

“आत्ता नको गं. थंडी आहे.”

“नवी शाल आणलीय ना तुम्हाला?”

रमाबाईंनी माझं एक बटण मुठीत धरून ठेवलं, मग सोडलं. अपूर्वाने तेवढं बरोबर टिपलं. आजी काहीतरी लपवतात, असं तिच्या मनाने घेतलं. खरंच तर होतं ते. फक्त काय लपवतात, तिकडे तिचा संशय वळला नाही.

घरी तिने मला पलंगावर पसरलं आणि माझी झडतीच घेतली. गळ्यातली पट्टी विणलेली आहे, छापील नाही. तिच्यावरचा टेलिफोन नंबर आताच्या मानाने अगदी आखूड. धुण्याच्या सूचनांची चिंधी कुठेच नाही. मायेच्या कडा हाताने गुंफलेल्या, इंटरलॉकच्या नाहीत. तिने बटण ओठाला लावलं, तर गार लागलं. प्लॅस्टिक असं गार लागत नाही. कडेचा एक धागा काडीने जाळला, तर केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली. “खरा आहे!” ती आनंदाने म्हणाली. शाबासकीने मीही जरा ताठ झालो.

मग तिने बाजूची शिवण उलटी केली आणि तिचा चेहराच पालटला. जुन्या मंद सुती दोऱ्याशेजारी दोन चकचकीत नव्या रेषा होत्या. तिने लगेच पूनमला फोनवर दाखवलं.

“उजेडात धर,” पूनम म्हणाली. “बघ, कडेची माया कशी गर्द डाळिंबी आहे. तिने जन्मात ऊन पाहिलेलं नाही. पण तिला लागून असलेली पट्टी बघ. बाहेरच्या कापडासारखी विटलीय ना? म्हणजे ती परवा-परवापर्यंत बाहेर होती. या शिवणी याच हिवाळ्यातल्या आहेत. तुझा कोट कुणीतरी उघडलाय, अपूर्वा.”

“कशाला?”

“अगं, बटणं काढून विकतात, कपडा कसा बेतलाय त्याची नक्कल उचलतात. घरात कोण येतं-जातं?”

अपूर्वाने बटणांखाली पाहिलं. शेजारीच जुन्या टाक्यांची भोकं. कुणाकडे शिवणयंत्र आहे? कुणाकडे आजींच्या घराची जादा किल्ली असते? दिवाळीत दारात उभं राहून आजींच्या ब्लाउजाचा खांदा कोण न्याहाळत होतं? तिला नाव सापडलं. मी तिच्या हातात होतो, अगदी उलटा, पोट उघडं टाकून. मला ओरडावंसं वाटत होतं. तारीख तर बरोबर वाचलीस गं बाई, आता माप वाच!

दुसऱ्या दिवशी एका काखेत वल्लरी, दुसऱ्या काखेत मी, अशी ती प्रतिभाबाईंच्या अंगणात उभी राहिली. प्रतिभाबाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या वह्या तपासत बसल्या होत्या.

“आजींची किल्ली तुमच्याकडे असते ना?”

“असते. काऊन?”

“हा कोट कुणीतरी आत घेतलाय. बारीक अंगाच्या बाईसाठी.”

प्रतिभाबाईंनी आधी मला पाहिलं, मग तिला, आणि त्या मोठ्याने हसल्या. “सरळ म्हणा ना, तुमीच घातला का म्हणून! आणा इकडं.” त्यांनी माझ्या बाहीत हात घातला. माझी बाही त्यांच्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबली. “पोरी मले शाळेत ताडाचं झाड म्हणतात, ताई. याच्यात मी काय मावणार? अन् मशीन माझं आहे, खरं आहे. पण ही टीप मशीनची आहे का?”

अपूर्वाने वाकून पाहिलं. टाके लहानमोठे होते. मधेच दोन टाके एकावर एक चढले होते, नजर चुकल्यासारखे.

“बटणं चोरीला गेली का?” प्रतिभाबाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

“नाही. तीच आहेत. फक्त सरकवलीत.”

“मंग चोरानं नेलं काय? कोट ज्याचा, त्याचंच अंग कमी झालं ना. दिवाळीत दारात काय सांगितलं होतं मी? तुमी सीताफळं घेतली अन् दार लावून टाकलं!”

अपूर्वाने मला परत काखेत घेतलं. तिने वल्लरीला प्रतिभाबाईंच्या कडेवर दिलं आणि कुंपणाचं फाटक उघडून ती जवळजवळ धावतच रमाबाईंच्या घरात शिरली.

रमाबाई दोन शाली पांघरून बसल्या होत्या. अपूर्वाने काही न विचारता शाली बाजूला केल्या आणि मला त्यांच्या अंगात घातलं. मी कालच शिवल्यासारखा बसलो. तिचा हात त्यांच्या पाठीवरून फिरला आणि माझ्या अस्तराआडून बरगड्या तिच्या बोटांना लागल्या.

“आजी, कधीपासून?”

“थंडी आहे गं. थंडीत माणूस आकसतो.”

“आजी!”

रमाबाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदर तोंडाशी धरला. अपूर्वाची नजर चटकन दाराकडे गेली, वल्लरी कुठे आहे ते बघायला. रमाबाईंनी ती नजर पाहिली.

“म्हणूनच बोलले नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तू तिला आणणं बंद केलं असतंस.”

अपूर्वा खाली फरशीवर बसली. खोटं काय बोलणार? मग माझी बाही घट्ट धरून म्हणाली, “आज दवाखान्यात जायचं. तपासणी होईपर्यंत ती खिडकीबाहेरून तुम्हाला हात करील. पण येईल रोज. मी आणीन.”

दवाखान्यात मी त्यांच्या अंगावरच होतो. छातीचा फोटो निघाला, खोकला तपासला. ज्याची धास्ती होती, तो क्षय काही निघाला नाही; खोकला नुसता थंडीचा होता. रक्तात साखर मात्र एवढी वाढली होती की डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस असेच काढले असते तर बाई इथे स्वतःच्या पायांनी आल्या नसत्या.

“आणि मी शक्ती यावी म्हणून गुळाचा चहा पीत होते!” रमाबाई म्हणाल्या. अपूर्वा हसली आणि मग तिला रडूच आवरेना.

आता इंजेक्शन चालू आहे. संशयी बाईचा असाही उपयोग होतो: प्रत्येक कुपीवरची तारीख दोनदा वाचली जाते. पूनमचा कोटासाठी फोन आला, तर अपूर्वा म्हणाली, “सध्या नाही देता येणार. कोट कामावर आहे.” परवा तिने खिडकीशी बसून माझी सगळ्यात नवी शिवण उसवली, कारण मी रमाबाईंना काखेत आवळायला लागलो होतो. इतकं गोड दुखणं मला आयुष्यात झालं नव्हतं. दुसरी शिवण अजून आहे. ती कधी निघेल, माहीत नाही. वल्लरी आता माझ्या बटणाला दात लावून बघते आणि तिची आई तिकडे बघूनही काही बोलत नाही.

मित्रांनो, खरा-खोटा कोट ओळखायला तुम्ही पुढे शिकालच. पण आज एक काम करा. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी एकटं राहत असेल आणि विचारलं की “मी बरी आहे” म्हणत असेल, तर त्यांचा वाळत घातलेला एखादा कपडा घडी करायच्या निमित्ताने हातात घ्या. उलटा करा. आत दोऱ्याच्या किती रेषा आहेत, कुठली नवी आहे, बटण कुठे सरकलंय, ते पाहा. मग कपडा तिथेच ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. उद्या नको. आजच जा.