आवळीखालचं जेवण

बुलढाण्याची हवा म्हणजे हवा नव्हे, औषध आहे, असं घाटाखालचे लोक म्हणत. म्हणोत बापडे! शालूबाईला त्या हवेचा इतका राग आला होता की विचारू नका. दसऱ्याआधी तिच्या नवऱ्याला, किसनरावाला, वडनेरहून बैलांच्या दमणीत निजवून घाट चढवून आणलं होतं. छातीचा आजार, खोकल्याबरोबर रक्त. थोरल्या भावानं, भगवंतरावानं, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, म्हाताऱ्या आईला, गोजरबाईला, सोबत आणलं, आणि दिवाळीही इथंच झाली.

आणि हवा तरी कशी! धुऊन काढलेलं आभाळ, कोवळं ऊन, उतारावर पिवळं पडू लागलेलं गवत. सीताफळांच्या पाट्या घेऊन बाया बाजाराला चाललेल्या. साहेब लोक घोड्यावरून रपेट मारायचे, वकिलांच्या बायका शाली पांघरून फिरायला निघायच्या. सगळं जग कसं मजेत! किसनरावाला मात्र एकच ध्यास. घरच्या वावरात कपाशी फुटली असेल, आणि पहिल्या वेचणीचा दही-भाताचा नैवेद्य दरसाल त्याच्या हातचा.

"मले घरी ने वं," तो बायकोला म्हणायचा. "वावर पाह्यलं का मी बरा होतो."

आता ती नेणार कशी? घरात शब्द चालायचा भगवंतरावाचा, आणि भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, सुनेनं बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून शालूबाई त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तो आला की पदर पुढं ओढायचा आणि भिंतीकडं तोंड करायचं. मीठ संपलं तरी ते सासूला सांगायचं, सासूनं त्याला सांगायचं. तो तिथंच दोन हातांवर बसलेला असला तरी त्यानं ऐकलं नाही असंच धरायचं. मग तो आईला म्हणायचा, "सांग तिले, उद्या आणतो."

तेव्हा घरी जायचा विषयही गोजरबाईच्याच तोंडून जायचा. आणि दर खेपेला म्हातारी तेच उत्तर घेऊन यायची, "तो म्हणते, हवा मानवून राह्यली. घाई काऊन करता?"

मानवून राह्यली! रोज सकाळी उशीची खोळ कोण धूत होतं? शालूबाईच्या मनात विष कालवलं गेलं. कापूस घरात येईस्तोवर धाकट्याला इथं अडकवायचं आणि तिकडं सगळा कारभार आपल्या हाती घ्यायचा, हाच या माणसाचा डाव असणार. देवळात हात जोडतानाही ती भासऱ्याला शिव्या घालून यायची.

अशात कार्तिकातलं आवळीचं जेवण आलं. आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्याच सावलीत बसून जेवायचं. भगवंतरावानं हौसेनं गावाबाहेरच्या उतारावरचं एक झाड हेरलं. भावाला पाठुंगळी घेतलं आणि थांबत थांबत तिथवर नेलं. गोधडी अंथरली, पाठीला उशी दिली. समोर घाट उतरत गेलेला आणि खाली निळसर धुरात सगळं रान पसरलेलं. "ते पाह्य, तिकडं वडनेर," किसनराव बोट दाखवून म्हणाला. दिसत काही नव्हतं. पण त्याचा चेहरा कसा खुलला होता!

पूजा झाली. भगवंतराव थोडा दूर, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत बसला. गोजरबाई घागर घेऊन झऱ्यावर गेली. किसनरावाचा डोळा लागला. आणि शालूबाई उठली. आज नाही तर कधीच नाही, असं म्हणून ती सरळ भासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. पदर होता, पण तोंड फिरवलं नव्हतं.

"घरी काऊन नाई नेत त्यायले?"

भगवंतरावाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. सवयीनं तो आईला शोधू लागला. आई कुठली! ती खाली झऱ्यावर.

"तुमाले पीक पाहिजे तं घेऊन टाका," शालूबाई म्हणाली. "पन त्यायले घरी न्या."

"पीक?" तो तिच्याकडं बघतच राहिला. "आईनं तुले सांगतलं नाई?"

"काय?"

"डाक्टर म्हणे, घाट उतरायचे हिसके याले सोसनार नाईत. अर्ध्या वाटेत जाईन. इथी ठेवला तं थोडे दिवस काढीन." तो डोळे पुसत होता, पण धुरानं नव्हे. "बरा होनार नाई तो, माय. म्या आईले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, सुनेले समजावून सांग म्हून."

शालूबाईनं वळून झोपलेल्या नवऱ्याकडं पाहिलं.

"आता तूच सांग," भगवंतराव म्हणाला. "त्याचा जीव वावरात हाये, मले समजत नाई का? तू म्हणशीन तं उद्या दमणी जुंपतो. मले तं काईच सुचत नाई."

इतके दिवस हिला बोलायचं होतं. आता शब्द हिच्यावरच आला आणि हिचं तोंड उघडेना. नेलं तर वाटेत मारल्याचं पाप, ठेवलं तर तरसवून मारल्याचं. कुठल्या तोंडानं सांगावं बाईनं?

गोजरबाई घागर घेऊन वर आली. दोघांना बोलताना पाहिलं आणि तिला सारं कळलं. घागर खाली ठेवून ती म्हणाली, "माह्या पोटचा हाये वं तो. माही जीभच उचलली नाई."

तिकडून किसनरावानं हाक मारली. शालूबाईनं डोळे पुसले, रोडगा घेतला आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. ती वरणात रोडगा कुस्करू लागली.

"दादापाशी बोलत होती तू? म्या पाह्यलं ना!" त्याला हसू आवरेना. "काय म्हने दादा?"

"पुनव झाली का जाऊ म्हणतात."

"पाह्य! मी म्हणत नव्हतो? तुमीच उगी भेता त्याले." त्यानं घास तोंडात घेतला, मग आणखी एक. "पुनवेले कितीक दिवस राह्यले वं?"

"थोडेच," ती म्हणाली आणि त्याला आणखी वरण वाढू लागली.