पेडण्याहून आलेली रक्ताची बाटली

मित्रांनो, डिचोलीच्या बाजारामागे एका छोट्या प्रयोगशाळेत मी उभा आहे. मी एक जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब सतत धरून ठेवणारे पोलादी कपाट. आसपासचे डॉक्टर रुग्णांचे रक्त, थुंकी, जखमेतला पू इथे पाठवतात. त्यात दडलेले जिवाणू माझ्या उबेत वाढतात, डोळ्यांना दिसू लागतात आणि कोणते औषध त्यांना मारील ते कळते.

मी नवा होतो तेव्हा आमच्या प्रमुख डॉ. विनोदिनी येईल त्याला मला दाखवत. पुढे माझ्या दाराचे रबर सैल झाले. "बघू नंतर," असे सगळेच म्हणत राहिले.

गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत पेडण्याहून रक्ताची एक बाटली आली. हळर्णच्या वत्सला नावाच्या शेतकरी बाईंचे ते रक्त. त्यांना मधुमेह होता, ताप उतरत नव्हता, धाप लागत होती. पेडण्याचे डॉ. साईश देत असलेले औषध लागू पडत नव्हते.

माझ्या उबेत बाटली गढूळ झाली, म्हणजे आत जिवाणू वाढत होते. आमच्या तंत्रज्ञ गौरवीने त्यातला थेंब जिवाणूंचे खाद्य असलेल्या ताटलीवर पसरला आणि ताटली माझ्या पोटात ठेवली. तेवढ्यात वादळ उठले. वीज गेली. थोड्या वेळाने इन्व्हर्टरही बंद पडला.

सैल रबरातून माझी ऊब निसटू लागली. मी गार झालो असतो तर जिवाणू मेले नसते, पण त्यांची वाढ रेंगाळली असती, आणि वत्सलाबाईंकडे तेवढा वेळ नव्हता. गौरवीने दाराच्या फटीला चिकटपट्ट्या लावल्या. डॉ. विनोदिनी पावसातच शेजारच्या बेकरीत धावल्या.

"शंभू, तुझ्या जनरेटरची लाईन दे रे! एका बाईचा जीव अडकलाय."

"घेयात मॅडम! हांव पीठ हातान मळटां," शंभूने पीठ मळायचे यंत्र थांबवले आणि वायर खिडकीतून आत दिली.

मी पुन्हा तापू लागलो.

सकाळी ताटलीवर बारीक ठिपके होते. "मॅडम, हे बाहेरचे धुळीतले जिवाणू तर नाहीत ना? टाकून देऊ?" गौरवीने विचारले.

"थांब. मधुमेह, लावणीचे दिवस, औषध लागू नाही... मास्क घाल, आणि ताटली तोंडाजवळ नेऊ नकोस." डॉ. विनोदिनींनी फोन उचलला. "साईश, वत्सलाबाई चिखलात उतरतात का? पायाला जखम आहे?"

पलीकडे डॉ. साईश वत्सलाबाईंचे पती भिकाजी यांना विचारत होते. मग उत्तर आले, "होय. लावणी करताना टाच कापली होती."

"मग मला मेलिऑइडोसिसचा संशय आहे. मातीतल्या जिवाणूंमुळे होतो. खात्री करायला वेळ लागेल, पण तू थांबू नकोस. औषध आजच बदल."

त्यानंतर पेडण्याहून फोन आला नाही. दुपारी गौरवीने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. पुढच्या तपासण्यांनी संशय खरा ठरवला, तरी बाईंचे कसे आहे ते कळेना. शेवटी फोन आला तेव्हा डॉ. विनोदिनी उभ्याउभ्या ऐकत राहिल्या आणि मग खाली बसल्या.

"ताप उतरतोय म्हणतो साईश," त्या म्हणाल्या.

मला नवे रबर बसले. मित्रांनो, यंत्र चालते आहे म्हणून त्याची दुरुस्ती पुढे ढकलू नका. आणि ताप अंगावर काढत घरातल्या उरलेल्या गोळ्या खाऊ नका. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर वेळेवर करा.

औषधांचे लांबलचक महिने संपल्यावर वत्सलाबाई स्वतः इथे आल्या. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारले, "ह्याच पेटयेत माजां रगात ठेयलेलां?"

"होय, मावशी," गौरवी म्हणाली.

त्यांनी माझ्या दारावर तळहात ठेवला. "गरम आसा गो," त्या हळूच म्हणाल्या आणि हात तसाच ठेवला.

आत तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी रक्त होते.