कणकेतला अंगठा

या मित्रांनो, असे जवळ सरका. माझा आवाज आता बसला आहे, लांबून ऐकू यायचा नाही. एका फौजदाराची आणि त्याच्या जिवलग मित्राची गोष्ट सांगतो.

मी एक जुना पखवाज आहे. माझं खोड शिसवाचं. उजव्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, काळी शाई, आणि डाव्या पुडीवर वाजवण्याआधी ओली कणीक थापायची. ती थापली की माझा आवाज पोटातून येतो, घुमतो. कीर्तन संपलं की ती लगेच खरवडून काढायची. वाळली तर कातडं ओढून फाडते.

कोल्हारचे गोरक्षनाथ आणि राधाकृष्ण एकाच देवळात वाढले. राधाकृष्ण कीर्तनकार बुवा झाले, गोरक्षनाथ पोलिसात गेले. बदली मिरजगावला होवो की श्रीगोंद्याला, बुवांचं कीर्तन असलं की साहेब रजा टाकून हजर! कधी बंदोबस्तावरून तसेच वर्दीत यायचे. बुवा भर मंडपात म्हणायचे, "फौजदार, पट्टा सोडा आधी! देव भिऊन पळंल."

"पळू दे की. धरून आनतो," साहेब म्हणायचे आणि कणीक मळायला बसायचे. मंडप हसून लोटपोट व्हायचा. मग साहेबांची थाप माझ्यावर पडायची, बुवा पुढे यायचे, आणि डोळे पुसत नाही असं माणूस मंडपात उरायचं नाही.

कीर्तनानंतर पंगत बसायची. साहेब मात्र आधी माझी कणीक काढायचे, ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायचे. ती कणीक प्रवरेतल्या माशांना जायची. मगच ते पानावर बसत. निवृत्तीनंतर तर रोजचंच झालं. दोघे मित्र आणि मी!

गेल्या वर्षीच्या हरिनाम सप्त्यात काल्याचा, शेवटचा दिवस होता. साहेबांनी कणीक थापली, कडेला अंगठा दाबून नीट बसवली. मग थाप मारायला हात उचलला. मित्रांनो, तो हात माझ्यावर पडलाच नाही. साहेब कुशीवर कलंडले, ते गेलेच.

त्या गर्दीत मला पुसायचं कुणाला सुचणार? दिवसकार्य झाल्यावर कुणीतरी माझ्याकडे फडकं घेऊन आलं. बुवांनी त्याचा हात धरला. "न्हाई. त्याचा अंगठा हाय त्यात."

तेव्हापासून मी शाल पांघरून बुवांच्या कोनाड्यात आहे. बुवा रोज हळद-कुंकू वाहतात, त्या अंगठ्याच्या खुणेवर बोट ठेवून रडतात. कीर्तन त्यांनी सोडलं आहे. इकडे कणीक दगड झाली आहे. ऊन चढलं की कातडं आवळतं. कडेला चीर गेली आहे, ती सरकते आहे. मी ओरडू तरी कसा? मला हातानेच बोलता येतं, आणि हात लावायला बंदी!

उद्या साहेबांचं वर्षश्राद्ध. त्यांची मुलगी अश्विनी आज आली. शाल उचलताच तिचा चेहरा उतरला.

"बुवाकाका, हे काय केलंत? फाटेल हा!"

"पोरी, तुझ्या बापाचा अंगठा पुसू म्हनतीस? दुसरं काय उरलंय माझ्याकडं?"

"बाबा काला झाल्यावर ही कणीक ठेवून जेवले असते का? सांगा ना काका."

अश्विनीने पाण्याची वाटी आणि फडकं माझ्याशेजारी ठेवलं. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली आणि ओसरीवर जाऊन बसली.

बुवांनी फडकं भिजवलं. पिळलं. माझ्या तोंडापाशी आणलं, आणि हात थांबला. अजून थांबलेलाच आहे. थेंब गळताहेत, कणकेवर नाही, जमिनीवर.

बुवा, अहो बुवा! माझा मालक त्या कणकेत नाही हो. तो माझ्या घुमण्यात आहे. चीर पुढे गेली तर तिथूनही जाईल. पुसा हो!

मित्रांनो, माझं यांना ऐकू येत नाही. तुम्हाला येतं ना? मग एवढं करा. तुमच्या घरात कुणाची आठवण कडीकुलपात वाळत पडली असेल, तर तिला बाहेर काढा, हाताळा. आणि कुठे कीर्तनात पखवाजाची पहिली थाप पडली, की क्षणभर आमच्या गोरक्षनाथांना आठवा. स्वतः घास घेण्याआधी ते माझं तोंड पुसायचे.