शेपटीखालचे खवले

डोकं शिल्लक असतं, तर एवढं रामायण झालंच नसतं. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते, ती कुणीही ओळखतं. पण गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, गवत कापताना आमच्या ह्यांच्या बोटाला साप चावला आणि मोठे दीर, रावजी भावजी, धावले ते दगड घेऊनच. साप मारला की डोकं ठेचायचं, नाहीतर तो डूख धरतो, असं आमच्यात मानतात. भावजींनी पार चेंदा केला.

मेलेला साप मी जेवणाच्या डब्यात घातला आणि चिऱ्यांच्या ट्रकात बसून आम्ही रत्नागिरीचा दवाखाना गाठला. वाटभर ह्यांची निरवानिरव चालली होती. विहिरीकडचा हापूस तर भावजींना देऊनही टाकला. मला असा संताप आला! जित्या माणसाने हे बोलावं?

भीती मलाही होती, पण विषाहून लशीची जास्त. ब्याऐंशी साली ह्यांना खरंच फुरसं चावलं होतं, तेव्हा सापाची लस टोचताच श्वास अडकला आणि हे जेमतेम वाचले. आता पुन्हा फुरसंच असेल, तर लस टोचावीच लागणार होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. फुरशासारखाच दिसणारा मांजऱ्याही सड्यावर असतो, त्याच्या विषाने माणूस मरत नाही, म्हणाल्या. भावजी हटेनात.

"फुरसाच हाय तो. आमच्या सड्यावर दुसरा काय असणार?"

मी तोवर डब्यात हात घातला होता. मेलेली फुरशी मी पुष्कळ उचललीत. अंग खरखरीत, शेपूट आखूड. हा बोटांतून गुळगुळीत सरकला, आणि शेपूट लांब, निमुळती होत गेलेली. बाईंना सांगितलं तर त्या भिंग घेऊन धावतच आल्या. मी शेपूट उलटी धरली. फुरशाला तिथे खवल्यांची एकच ओळ असते, मांजऱ्याला दोन. आम्ही दोघी एवढ्या वाकलो की डोक्यावर डोकं आपटलं.

"दोन ओळी आहेत," बाई म्हणाल्या. "मांजऱ्या."

तरी त्या थांबल्या नाहीत. फुरशाचं विष भिनलं की रक्त गोठत नाही, म्हणून ह्यांचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. आम्ही सगळे त्या नळीकडे डोळे लावून बसलो. बाईंनी नळी आडवी केली, पण थेंब हलला नाही. रक्त घट्ट गोठलं होतं. लस कपाटातच राहिली. मला तिथेच फुगडी घालावीशी वाटत होती.

हे खाटेवर उठून बसले. भावजींकडे बघत हळूच म्हणाले, "मंग तो हापूस माजाच ना?"

मी हसायला गेले आणि मला रडूच फुटलं. सापाची शेपूट अजून माझ्या मुठीत होती आणि मूठ काही केल्या उघडेना. मग चावलेलं बोट सांभाळत ह्यांनीच माझं एकेक बोट सोडवलं.